एक शिक्का, नऊ पेट्या

महाविद्यालयाच्या अथवा मोठ्या कचेरीच्या प्रत्येक मजल्यावर जिन्याशेजारी बहुधा एक लहानशी, सदैव कुलूपबंद असलेली खोली असते. तिच्यात पंख्यांची घरघर अहोरात्र चालू असते, आणि लोखंडी रॅकमध्ये पावणेदोन इंच उंचीच्या चपट्या पेट्या एकीवर एक अशा बसवलेल्या असतात. प्रत्येक पेटीच्या दर्शनी बाजूस ४८ पोर्ट आणि त्यांत खोचलेल्या निळ्या-करड्या वायरींचा दाट झुबका. अशा नऊ पेट्या असल्या तर ४३२ टेबलांवरील ४३२ संगणक त्या एका खोलीत येऊन मिळतात. हे इथरनेटचे स्विच होत. पाहणारा माणूस त्या पेट्या मोजून नऊ म्हणेल; परंतु जाळ्यातील इतर यंत्रांना विचारले, तर त्यांच्या लेखी तेथे एकच यंत्र आहे, एकच नाव आहे, एकच पत्ता आहे आणि एकच दप्तर (कॉन्फिगरेशन) आहे. अनेक देहांचा हा एकछत्री कारभार कसा उभा राहतो, कशाच्या आधारावर टिकतो आणि कोणत्या क्षणी दुभंगतो, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

इथरनेटचा जन्म १९७३ सालचा. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी त्या वर्षीच्या मे महिन्यात एक टिपण लिहिले, आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या साहाय्याने ते प्रत्यक्षात उतरविले. त्या मूळ रचनेत एकच जाड तार सर्व संगणकांना सामाईक असे. एक बोलत असता इतरांनी थांबावयाचे, आणि दोघे एकाच वेळी बोलले तर दोघांनीही गप्प राहून काही काळाने पुन्हा यत्न करावयाचा, असा तिचा शिरस्ता होता. १९९० साली कल्पना नावाच्या एका अमेरिकी कंपनीने सात पोर्टांचा पहिला व्यापारी इथरनेट स्विच बाजारात आणला. या कंपनीचे एक संस्थापक विनोद भारद्वाज हे मूळचे भारतीय, आणि म्हणूनच इथरनेटच्या इतिहासात एक अस्सल भारतीय नाव कायमचे कोरले गेले आहे, याचा आनंद मला प्रत्येक वेळी नव्याने होतो. स्विचने सामाईक तारेची गर्दी संपविली: कोणत्या पोर्टामागे कोणते यंत्र आहे हे तो स्वतः शिकून घेई, आणि ज्याचा मजकूर त्यालाच पोचवी. १९९४ मध्ये सिस्को कंपनीने कल्पना विकत घेतली, आणि स्विच ही घरोघरची नव्हे तरी कचेरी-कचेरीची वस्तू झाली.

संगणक वाढले तशा पेट्या वाढल्या, आणि पेट्यांबरोबर कारभाऱ्याचे कष्टही वाढले. नऊ स्वतंत्र स्विच म्हणजे नऊ पत्ते, नऊ परवलीचे शब्द आणि नऊ दप्तरे. लेखा विभागासाठी एक नवी व्हीएलॅन, म्हणजे जाळ्यातील एक वेगळा विभाग, काढावयाची, तर तीच आज्ञा नऊ ठिकाणी जाऊन नऊदा लिहावयाची. आणि आठ ठिकाणी लिहून नववी जागा विसरली, म्हणजे महिन्याने त्या नवव्या पेटीवर बसणाऱ्या एखाद्या कारकुनाचा संगणक का चालत नाही, याचा शोध करण्यात एक दिवस खर्ची पडावयाचा. याहून गंभीर अडचण वाटांची होती. एक तार तुटली तरी काम अडू नये म्हणून पेट्यांना दोन बाजूंनी जोडावे, तर वर्तुळ तयार होते. आणि इथरनेटच्या मजकुरावर त्याचे आयुष्य मोजणारा कोणताही आकडा नसल्यामुळे, सर्वांना उद्देशून निघालेला एखादा संदेश त्या वर्तुळात अनंत काळ फिरत राहतो, स्वतःच्या प्रती वाढवितो आणि काही क्षणांत संपूर्ण जाळे बुडवितो. डेक कंपनीतील विदुषी रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली स्पॅनिंग ट्री नावाची युक्ती शोधून काढली, तिच्या योगे स्विच आपापसांत विचारविनिमय करून जादा वाटा बंद ठेवतात. ही युक्ती नसती तर आजचे जाळे उभेच राहिले नसते. परंतु बंद ठेवलेली वाट ही पैसे मोजून घेतलेली आणि वापरात नसलेली वाट होय. शिवाय मूळ पद्धतीत एखादी तार तुटल्यावर नवी वाट खुली होण्यास अर्धे मिनिट, प्रसंगी पाऊण मिनिट लागे. आणि तिचे ठरीव कालमान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सातच स्विच आहेत असे गृहीत धरून बांधलेले होते. नऊ पेट्यांची माळ या हिशेबात बसत नव्हती.

यावर दोन उपाय आधीपासून होते. पहिला म्हणजे एकच भव्य पेटी घ्यावयाची, जिच्या खाचांत हवे तितके फळे, म्हणजे पोर्टांची कार्डे, बसवावेत आणि पाठीमागील सामाईक कण्याने ते जोडले जावेत. हा उपाय उत्तम, परंतु ज्या कचेरीला आज ४८ आणि पाच वर्षांनी ३०० पोर्ट लागणार, तिने पहिल्याच दिवशी संपूर्ण वाड्याची किंमत का भरावी, हा प्रश्न राहतोच. दुसरा उपाय क्लस्टरचा. सिस्कोच्या स्विचांपैकी १६ पर्यंत पेट्या एका प्रमुख स्विचच्या पत्त्यामागे ठेवता येत, आणि त्या एका दारातून आत शिरून कारभाऱ्याला प्रत्येकीकडे जाता येई. यात दार एक झाले, घर मात्र एक झाले नाही. प्रत्येक पेटीचे दप्तर वेगळे, प्रत्येकीची बुद्धी वेगळी, आणि स्पॅनिंग ट्रीच्या दृष्टीने त्या सोळा पेट्या सोळाच राहिल्या. एका ठिकाणाहून अनेकांवर देखरेख करणे आणि अनेकांनी खरोखर एक होणे यांतील भेद येथे स्पष्ट दिसतो, आणि आजही खरेदी करणारे लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात, म्हणून त्याचा उल्लेख येथे मुद्दाम केला.

खरे ऐक्य कसे साधते, याचा नमुना म्हणून मी सिस्कोचा कॅटॅलिस्ट ३७५० हा स्विच घेतो. तो २००३ साली निघाला, जगभर पसरला, आणि त्यानंतर इतरांनी जे केले त्याची बरीचशी परिभाषा त्यानेच रूढ केली. या पेटीच्या पाठीमागे दोन विशेष पोर्ट असतात. अर्धा, एक अथवा तीन मीटर लांबीच्या जाड केबलींनी पहिलीचा दुसरा पोर्ट दुसरीच्या पहिल्यास, दुसरीचा तिसरीस, असे जोडत जाऊन शेवटच्या पेटीचा मोकळा पोर्ट पुन्हा पहिल्या पेटीस जोडला, म्हणजे एक कडे तयार होते. त्यात सेकंदाला १६ गिगाबिटांचे दोन प्रवाह परस्परविरुद्ध दिशांनी वाहतात. दोन्ही मिळून ३२. मजकूर कड्यात सोडण्यासाठी टोकन हाती असावे लागते, म्हणून येथे एकावर एक बोलण्याचा प्रसंग येत नाही. पहिल्या आवृत्तीत कड्यात सोडलेला मजकूर संपूर्ण फेरी मारून जेथून निघाला तेथेच परत येई आणि तेथेच काढून घेतला जाई. पुढे ३७५०-ई या पेटीत ज्याचा मजकूर त्याच पेटीने तो उतरवून घ्यावा अशी सुधारणा झाली, आणि कड्याची निम्मी वाट इतरांसाठी मोकळी झाली. एखादी केबल निखळली, तर कड्याची माळ होते, वेग निम्म्यावर येतो, परंतु संवाद तुटत नाही.

तथापि केबलीने केवळ देह जोडले जातात. ऐक्य येते ते अधिकाराच्या निवाड्याने. जोडलेल्या पेट्या चालू होताच प्रथम आपल्यापैकी मुख्य कोण हे ठरवितात, आणि त्या निवडणुकीचा जाबता पक्का आहे: जी पेटी आधीपासून मुख्य आहे तिचा हक्क पहिला, तशी कोणी नसल्यास जिची प्रायॉरिटी मोठी तिचा, आणि हा अंक कारभाऱ्याने १ ते १५ यांच्या दरम्यान लिहून द्यावयाचा असतो, त्यानंतर दप्तर कोरे नसणे, सॉफ्टवेअरची योग्यता, किती काळ चालू आहे, अशा कसोट्या, आणि सर्व बाबतीत बरोबरी झाली तर जिचा मॅक पत्ता, म्हणजे कारखान्यात दिलेला ओळख-अंक, सर्वांत लहान ती. कारखान्यातून प्रत्येक पेटी १ हाच अंक घेऊन येते. कारभाऱ्याने काहीच लिहिले नाही, तर पुष्कळदा निकाल अखेरच्या कसोटीवर जातो, आणि मॅक पत्ते कारखान्यात बहुधा चढत्या क्रमाने दिले जात असल्यामुळे, कचेरीतील सर्वांत जुनी, सर्वांत झिजलेली पेटी सर्वांची मुख्य होऊन बसते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी: प्रायॉरिटीचा अंक मागाहून बदलला, तरी तो गादीवर बसलेल्या मुख्याला उठवीत नाही. पुढची निवडणूक होईल तेव्हाच त्याचा अंमल सुरू होतो.

मुख्य पेटीकडे विचार असतो, बाकीच्यांकडे कृती. कोणत्या गावास कोणत्या वाटेने जावे याची चर्चा शेजारच्या राउटरांशी मुख्य करते, स्पॅनिंग ट्रीत सर्वांच्या वतीने तीच बोलते, कारभाऱ्याचे हुकूम तीच स्वीकारते. पण निर्णय झाल्यावर त्याची कोष्टके ती प्रत्येक पेटीच्या हार्डवेअरमध्ये उतरवून देते, आणि पुढे येणारा-जाणारा मजकूर प्रत्येक पेटी मुख्याला न विचारता स्वतःच वाटेला लावते. प्रत्येक पानासाठी हुजुरापर्यंत जावे लागले असते तर हे राज्य एक दिवसही चालले नसते. दप्तराचेही तसेच. चालू आणि साठविलेले कॉन्फिगरेशन मुख्याकडे असते, परंतु त्याची ताजी नक्कल प्रत्येक सदस्य पेटीत ठेवलेली असते, म्हणून मुख्य पेटी जळाली तरी उरलेल्यांपैकी जी निवडून येईल तिच्यापाशी संपूर्ण दप्तर आधीच तयार असते.

मराठेशाहीच्या राज्यकारभारात मुतालिक नावाचा एक अधिकारी असे. प्रधान मोहिमेवर गेला असता हुजुरात राहून त्याच्या वतीने काम पाहणारा तो माणूस. ३७५० मध्ये असा नेमलेला मुतालिक नव्हता. सर्वच सदस्य वारस होते, आणि मुख्य पडल्यावर जो निवडून येई त्याला वाटांची चर्चा बव्हंशी पुन्हा सुरू करावी लागे. २०१३ मध्ये आलेल्या कॅटॅलिस्ट ३८५० ने, आणि त्याच्या पुष्कळ आधी, २००८ साली ज्युनिपर कंपनीच्या ईएक्स ४२०० ने, मुख्याच्या शेजारी एक उपमुख्य नेमण्याची पद्धत घेतली. तो मुख्याची केवळ दप्तरेच नव्हे, तर चालू व्यवहारांची स्थितीही क्षणोक्षणी जवळ ठेवतो, म्हणून सत्तांतर इतके शांतपणे घडते की टेबलावर बसलेल्या माणसाला त्याची जाणीवही होत नाही.

आता शिक्क्याचा प्रश्न. शेजारची यंत्रे या समूहाला ओळखतात ती त्याच्या मॅक पत्त्यावरून, आणि समूहाचा मॅक पत्ता म्हणजे मुख्य पेटीचा मॅक पत्ता. मुख्य बदलला की शिक्का बदलतो. शिक्का बदलला की स्पॅनिंग ट्रीला वाटते की जुना स्विच गेला आणि नवा आला, आणि सारी गणिते पुन्हा मांडली जातात. म्हणून ३७५० मध्ये अशी सोय केली की नव्या मुख्याने काही काळ जुन्याचाच शिक्का वापरावा. ही सोय चालू केली असता तो काळ वेगळे न सांगितल्यास चार मिनिटांचा असतो, आणि हवे तर तो कायमचाही करता येतो. चार मिनिटांत जुनी पेटी परत आली, तर बाहेर कोणाला काही कळत नाही. कायमची मुदत देताना मात्र एक धोका असतो: समूहातून काढलेली जुनी पेटी त्याच जाळ्यात दुसरीकडे कोठे बसवली, तर एकाच शिक्क्याची दोन यंत्रे नांदू लागतात.

प्रत्येक सदस्याला १ ते ९ यांपैकी एक क्रमांक असतो, आणि पोर्टाचे नाव त्यावरून बनते: तिसऱ्या पेटीचा बारावा पोर्ट म्हणजे ३/०/१२. हा क्रमांक पेटीच्या स्मरणात राहतो आणि त्या क्रमांकाचे दप्तर समूहाच्या स्मरणात राहते, या दुहेरी व्यवस्थेचे मोल पेटी बदलताना कळते. तिसरी पेटी बिघडली, तिच्या जागी त्याच जातीची नवी पेटी ३ हा क्रमांक देऊन बसवली, तर तिच्या ४८ पोर्टांचे सर्व नियम तिला आपोआप मिळतात. कारभाऱ्याला एक ओळही पुन्हा लिहावी लागत नाही. क्रमांक न देता बसवली, तर मोकळा असेल तो सर्वांत लहान क्रमांक ती घेते, आणि मग कागदावरील तिसरी व रॅकमधील तिसरी यांचा मेळ राहीलच असे नाही. ज्याने ही पेटी घडविली त्याच्या मनात कारभाऱ्याविषयी खरी आस्था होती, याचा एक पुरावा दर्शनी बाजूवरच आहे: तेथील बटण दाबत स्टॅक या खुणेवर आणले, की पोर्टांवरचे पहिले नऊ दिवे पोर्टांचे न राहता पेट्यांचे होतात, जितके सदस्य तितके दिवे हिरवे लागतात, आणि त्या पेटीचा स्वतःचा दिवा मिचकतो. अंधाऱ्या खोलीत, संगणक न जोडता, माणसाला प्रत्येक पेटीचा क्रमांक तिच्याच तोंडून कळतो.

नव्या पेटीच्या बाबतीत एक दक्षता मात्र प्राणाइतकी जपावी. ती बंद असतानाच जोडावी आणि मग चालू करावी. चालू असलेली एकटी पेटी स्वतःच्या एका सदस्याच्या राज्याची मुख्यच असते. ती तशी जोडली म्हणजे दोन राज्यांचा संगम होतो, दोन मुख्यांत निवडणूक लागते, आणि ज्या पक्षाचा पराभव होतो त्या पक्षाच्या सर्व पेट्या रीबूट होऊन विजेत्याचे दप्तर स्वीकारतात. दुसऱ्या शाखेतून काढून आणलेल्या पेटीवर पूर्वीच्या कोणी १५ ही प्रायॉरिटी लिहून ठेवली असेल, तर ती एकटी पेटी आठांच्या चालत्या समूहाला जिंकते, आणि भर दुपारी ३८४ पोर्टांवर एका परक्या कचेरीचे नियम लागू होतात.

याहूनही दुर्धर दुखणे फुटीचे. एका संस्थेत मी ते प्रत्यक्ष पाहिले. तेथे चार पेट्यांचा समूह होता, परंतु मागे केबली तीनच होत्या. सर्व दिवे हिरवे, सर्व संगणक चालू, म्हणून शेवटची परतीची केबल लावलीच नाही हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. एके सकाळी दुसऱ्या पेटीची वीज गेली. कडे पुरे असते तर केवळ तिच्या ४८ पोर्टांचेच काम थांबते. येथे माळ मधोमध तुटली, आणि एकीकडे पहिली पेटी, दुसरीकडे तिसरी व चौथी अशी दोन राज्ये झाली. तिसरी व चौथी यांनी आपल्यातून मुख्य निवडला. दोन्ही बाजूंकडे तेच दप्तर, तेच नाव, तोच आयपी पत्ता. पहिल्या व चौथ्या पेटीतून निघून मुख्य इमारतीकडे जाणाऱ्या दोन तारा एकत्र बांधून एक मोठी वाट केलेली होती, आणि ती गाठ एलएसीपीच्या (दोन्ही टोके आपसांत खात्री करून गाठ बांधतात त्या पद्धतीच्या) वाटाघाटींशिवाय, हाताने बांधलेली होती. त्यामुळे पलीकडच्या स्विचला या दोन तारा आता दोन निराळ्या राज्यांत जात आहेत याचा पत्ता नव्हता, आणि तो पूर्वीप्रमाणेच काही मजकूर एका तारेवर, काही दुसरीवर टाकीत राहिला. एका टेबलावरून छपाई होई पण टपाल उघडत नसे. शेजारच्या टेबलावर नेमके उलटे. आम्ही समूहाच्या पत्त्यावर जाऊन चौकशी करू लागलो, तर कधी एक राज्य उत्तर देई, कधी दुसरे, आणि दोघेही तेच नाव सांगत. सदस्यांची यादी मागितली तेव्हा एकदा एक पेटी दिसली आणि पुढच्या खेपेस दोन, तेव्हा कोठे उलगडा झाला. दुसऱ्या पेटीस वीज मिळताच दोन राज्यांची पुन्हा गाठ पडली, पराभूत बाजू रीबूट झाली, आणि दुपारी उशिरा परतीची चौथी केबल बसली.

मुख्याचा मृत्यू ही या व्यवस्थेतील खरी आपत्ती नव्हे. त्याच्यासाठी निवडणूक आहे, नक्कल आहे, मुतालिक आहे. खरी आपत्ती म्हणजे एकाच शिक्क्याचे दोन जिवंत धनी. या दुखण्यावर कंपन्यांनी वेगवेगळे इलाज योजले आहेत. ज्युनिपरच्या पद्धतीत समूह फुटला, की प्रत्येक तुकडा आपल्याकडे जुना मुख्य वा उपमुख्य आहे काय आणि आपली सदस्यसंख्या किती, हे पाहतो, आणि ज्याचा दावा दुर्बळ तो तुकडा आपण होऊन काम थांबवितो. दोनच पेट्यांच्या समूहात हा हिशेब अडचणीचा ठरतो, म्हणून तेथे तो बंद ठेवण्याची शिफारस आहे. एच३सी कंपनीच्या आयआरएफ पद्धतीत दोन मुख्य झाले आहेत काय हे स्वतंत्र वाटेने तपासले जाते, आणि हरलेला तुकडा आपले पोर्ट मिटून घेतो. निम्म्या लोकांची सेवा थांबविणे क्लेशकारक आहे, परंतु दोन धन्यांच्या गोंधळापेक्षा ते निःसंशय बरे.

हे सर्व पाहून माझे मत असे बनले आहे, की मजल्यावरील टेबलांसाठी समूह करावा आणि इमारतीच्या हृदयस्थानी शक्यतो करू नये. ऐक्याबरोबर सामाईक दैवही येते: मुख्याच्या सॉफ्टवेअरमधील एक दोष नऊ पेट्यांना एकदम ग्रासू शकतो, आणि ३७५० सारख्या समूहाचे सॉफ्टवेअर बदलावयाचे तर बहुधा सर्वच पेट्या एका वेळी रीबूट कराव्या लागतात. मजल्यावर हे रात्री उरकता येते. जेथून सगळ्या इमारतींच्या वाटा फुटतात तेथे दोन यंत्रे असावीत, ज्यांची दप्तरे आणि बुद्धी वेगळ्या राहतील, परंतु शेजाऱ्याने दोघांना तारा जोडल्या असता त्या एकाच गाठीत बांधता येतील; एमलॅग नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचना नेमके हेच करतात, आणि त्यांत एकाला विश्रांती देऊन दुसऱ्यावर कारभार चालविता येतो.

वाचकांपैकी ज्यांच्या स्वाधीन अशा एखाद्या खोलीची किल्ली असेल, त्यांना एक विनंती आहे. मुख्य कोणी व्हावे आणि त्याच्यामागे कोणी, हे आजच ठरवून त्या दोन पेट्यांवर प्रायॉरिटीचे मोठे अंक लिहा. प्रत्येक पेटीवर तिचा क्रमांक ठळक चिकटवा. आणि मग दिवे न पाहता रॅकच्या मागच्या बाजूस जाऊन जाड केबली मोजा. जितक्या पेट्या, तितक्याच केबली असावयास हव्यात. पेट्या दोनच असतील, तरी केबलीही दोन.